उजेडावर चालणारा कॅमेरा

स्वस्त कॅमेऱ्याचा इतिहास बहुतेक वेळा एकाच सुरात सांगितला जातो. १९०० साली ईस्टमन कोडॅक कंपनीने ‘ब्राउनी’ हा पुठ्ठ्याचा कॅमेरा एका डॉलरला बाजारात आणला आणि स्वतःचे चित्र जवळ बाळगण्याची राजेरजवाड्यांची व सधनांची मिरास संपली. पुढे हा कॅमेरा आकाराने लहान आणि वजनाने हलका होत गेला, पुठ्ठ्याच्या जागी प्लॅस्टिक आले आणि तो जगभरच्या घराघरांत पोहोचला. या सांगण्यात तथ्य आहेच. पण पालघर जिल्ह्यातल्या जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांकडे पाहिले की त्यातली एक मोठी उणीव लक्षात येते. १३४३पासून १९४८पर्यंत इथे मुकणे घराण्याचे संस्थान होते, आणि देशातल्या इतर राजघराण्यांसारखी या घराण्याचीही छायाचित्रे आहेत. त्याच डोंगरात राहणाऱ्या वारली, कोकणा, महादेव कोळी, कातकरी कुटुंबांच्या घरात मात्र १९९०च्या आधीचे घरगुती छायाचित्र आजही दुर्मीळ आहे. हे फक्त गरिबीमुळे घडले, असे उत्तर सहज दिले जाते. मला ते अपुरे वाटते. कॅमेरा स्वस्त झाला तो उजेडाच्या जिवावर. महाग कॅमेऱ्यात काचेने आणि यंत्राने जे काम होत असे, ते स्वस्त कॅमेऱ्याने सूर्यावर सोपवले. जव्हार-मोखाड्याच्या जगण्यातल्या मोलाच्या गोष्टी नेमक्या त्या वेळी आणि त्या जागी घडत होत्या, जिथे हा सूर्य पोहोचत नव्हता.

हे समजायचे तर कॅमेरा स्वस्त कसा होतो ते पाहावे लागेल. भारतात दोन-तीन पिढ्यांना ओळखीचा असलेला अ‍ॅग्फा क्लिक थ्री हे त्याचे चांगले उदाहरण आहे. मूळ क्लिक १९५०च्या दशकाअखेरीस जर्मनीत निघाला. त्याचे भारतीय रूप बडोद्याला न्यू इंडिया इंडस्ट्रीजच्या कारखान्यात तयार होत असे. त्यात १२० क्रमांकाचा रोल बसे आणि एका रोलवर सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो निघत. पाठीमागे एक छोटी तांबडी खिडकी असे. रोलच्या पाठकागदावर छापलेला आकडा त्या खिडकीत नीट मधोमध येईपर्यंत चावी फिरवायची, मग दुसरा फोटो घ्यायचा. भिंग साधे, फोकस कारखान्यातच पक्का केलेला आणि शटरचा वेग ठरलेला, साधारण सेकंदाचा तिसावा भाग. क्लिक मालिकेत छिद्राची निवड ऊन आणि ढग अशा खुणांनी होई, आणि ढगाच्या खुणेवरही छिद्र एफ ८.८च्या आसपास, म्हणजे बारीकच राही. या प्रत्येक काटकसरीला कारण होते. फोकस फिरवण्याची यंत्रणा काढली की खर्च वाचतो, पण मग जवळपासपासून दूरपर्यंत सगळे बऱ्यापैकी स्पष्ट दिसण्यासाठी छिद्र बारीक ठेवावे लागते. छिद्र बारीक झाले की आत येणारा प्रकाश कमी होतो. हातात धरलेला कॅमेरा हलू नये म्हणून शटर फार वेळ उघडे ठेवता येत नाही. म्हणून शेवटी सगळा भार उन्हावर येतो. कॅमेऱ्याच्या किमतीतून जे पैसे कमी झाले, ते वापरणाऱ्याने भर दुपारच्या उन्हाच्या रूपाने भरावे, असा हा व्यवहार होता.

भारतात हा व्यवहार आणखी ताणला गेला, कारण परदेशी कॅमेरे आणि फिल्म यांची आयात परकीय चलनाच्या टंचाईमुळे दशकानुदशके परवान्यांनी जखडलेली होती. जपानने १९६०च्या दशकात आपोआप छिद्र ठरवणारे छोटे कॅमेरे काढले. १९७५मध्ये कोनिका कंपनीने अंगचाच फ्लॅश असलेला कॉम्पॅक्ट कॅमेरा आणला आणि १९७७मध्ये स्वतःच फोकस करणाराही आणला. त्या काळात भारतीय ग्राहकाच्या आवाक्यात होता तो क्लिकसारखा साधा डबा. फिल्मसाठी सरकारने १९६०मध्ये उटकमंडला हिंदुस्थान फोटो फिल्म्सची स्थापना केली. फ्रेंच सहकार्याने उभारलेल्या या कारखान्यात १९६७पासून उत्पादन सुरू झाले आणि ‘इंदू’ ही कृष्णधवल फिल्म देशभर गेली. म्हणजे कॅमेरा बडोद्याचा आणि फिल्म उटीची अशी जोडी जमली. या स्वदेशी जोडीने हजारो मध्यमवर्गीय घरांना पहिला अल्बम दिला, आणि ते ऋण मान्य केलेच पाहिजे. मात्र त्या अल्बममधली चित्रे आठवून पाहावीत. गच्चीवरची मुले, बागेतला बाक, सहलीतला धबधबा, अंगणातली नवी सायकल. सगळे उघड्यावरचे आणि फुरसतीतले. ऊन आणि फुरसत एकाच वेळी हाताशी असणे ही त्या अल्बमची न बोललेली अट होती.

जव्हार-मोखाड्यात ही अट वर्षभरात फार थोडे दिवस पुरी होई. समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटर उंचीवरच्या या पठारी भागात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आकाश झाकलेले, डोंगर धुक्यात आणि माणसे भात, नाचणी, वरईच्या शेतात वाकलेली. आवणीचे काम, म्हणजे इथल्या वर्षातली सर्वांत मोठी सामूहिक मेहनत, या अंधुक उजेडात आणि कोसळत्या पावसात होते. साध्या भिंगाच्या, पाणी लागले की बिघडणाऱ्या डब्याने ती टिपणे शक्यच नव्हते. पाऊस सरला, पिके घरात आली आणि आकाश निवळले की कॅमेऱ्याला हवा तसा उजेड मिळू लागतो. पण दिवाळीनंतर इथली कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याण भागातल्या वीटभट्ट्यांवर आणि इतर मजुरीच्या कामांवर जातात, होळीला काही दिवस घरी येतात आणि पुन्हा परततात. उजेड गावात असतो तेव्हा माणसे गावात नसतात, आणि माणसे गावात असतात तेव्हा उजेड नसतो. स्वस्त कॅमेऱ्याचा हंगाम आणि इथल्या घराचा हंगाम यांची गाठ पडत नव्हती, आणि कॅमेऱ्याची किंमत आणखी निम्म्यावर आली असती तरी ती पडली नसती.

दिवस-रात्रीचा हिशेब लावला तर ही गोष्ट आणखी ठळक होते. या भागातला सर्वांत वैभवी सामूहिक विधी म्हणजे बोहाडा. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगावी होणारा हा मुखवट्यांचा उत्सव, आणि मोखाड्याचा जगदंबेचा बोहाडा तर त्यासाठी प्रसिद्धच आहे. गणपती, सरस्वती, नरसिंह, रावण, महिषासुर अशी सोंगे संबळ-सनईच्या तालावर एकामागून एक येतात, नाचत फेऱ्या घेतात आणि आपला पाट पुढच्या सोंगाला मोकळा करून देतात. हे सारे रात्री चालते, टेंभ्यांच्या आणि नंतरच्या काळात गॅसबत्तीच्या उजेडात. टेंभ्याच्या उजेडातला चेहरा आपल्या डोळ्याला छान दिसतो, कारण डोळा अंधाराला सरावतो. शंभर एएसएची फिल्म मात्र सरावत नाही. क्लिकसारख्या कॅमेऱ्याला ढगाळ दिवशी जेवढा प्रकाश लागे, त्याच्या शंभराव्या हिश्शापेक्षाही कमी प्रकाश टेंभ्यासमोरच्या सोंगावर पडलेला असतो. शटर उघडे ठेवून बसायचे म्हटले तर सोंग थांबत नाही, आणि थांबले तर ते सोंग उरत नाही. नवे धान्य आल्यानंतर तारप्याभोवती फेर धरला जातो, तोही रात्रीच रंगतो. वारली लग्नात सुवासिनी तांदळाच्या पिठाने जो चौक लिहितात, तो घराच्या आतल्या भिंतीवर. कुडाच्या, शेणाने सारवलेल्या, बहुधा बिनखिडकीच्या त्या खोलीत भर दुपारीही भिंतीवर पडणारा उजेड जेमतेम असतो. देव बसतो तो कोनाडा, लग्नाची गाणी म्हणणारी धवलेरी गाते ती जागा, सोंग नाचते ते आवार, हे सगळे त्या कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर राहिले. जे टिपले गेले त्यात देवळाचे बाहेरचे रूप, बाजाराचा दिवस, दसऱ्याची मिरवणूक, शाळेचा गट आणि सत्कार आहेत. हे सगळे खरे होते, पण ते या डोंगराचे दिवसाचे आणि बऱ्याचदा सरकारी अंग होते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. ज्या घरात पावसाळ्याच्या मध्यावर कणगी रिकामी होते त्या घराला कॅमेरा घेण्याची ऐपतच नव्हती, तेव्हा उजेडाची ही सगळी चर्चा व्यर्थ आहे, असे कोणी म्हणेल. ऐपत नव्हती हे निर्विवाद आहे. कॅमेऱ्यापेक्षा फिल्म, ती धुणे आणि त्यावरून प्रती काढणे हाच खर्च मोठा आणि पुन्हा पुन्हा येणारा होता, हेही खरे. जव्हारला रेल्वे नाही. नाशिक सुमारे ऐंशी किलोमीटरवर आहे, आणि त्या दिशेने जाणारा रस्ता मोखाड्यावरून त्र्यंबकचा घाट चढतो. रोल संपेपर्यंत थांबायचे, मग तो कोणाच्या तरी हाती पाठवायचा आणि पुढच्या खेपेची वाट पाहायची, हा वेळेचा आणि पैशाचा भार गरिबाला परवडत नव्हता. तरीही पैसा हे पूर्ण उत्तर नाही. जव्हारच्या बाजारपेठेतला व्यापारी, शाळेतला मास्तर किंवा कचेरीतला कारकून कॅमेरा घेऊ शकत होता, आणि त्याच्याही हातातला तोच कॅमेरा बोहाड्याच्या रात्री निरुपयोगी होता. पैशाच्या अभावाने छायाचित्रे किती निघाली ते ठरवले. ती कशाची निघाली हे मात्र भिंगाने आणि उजेडाने ठरवले. इतिहासाला हा दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, कारण चित्रे थोडी असली तर आपण ती थोडी आहेत हे मनाशी धरून चालतो. ती एकाच बाजूची असली तर मात्र त्या बाजूलाच आपण सगळे समजतो.

दुसरा आक्षेप असा की पुढे फ्लॅश आला. १९८०च्या दशकात फोटोफोन कंपनीचा हॉट शॉट जाहिरातींतून घरोघर माहीत झाला. आयातीची दारे १९९१नंतर उघडली, रंगीत फिल्म सुलभ झाली, शहरांत तासाभरात फोटो देणाऱ्या मिनीलॅब निघाल्या, आणि कोडॅकचा केबी १० हा अंगचाच फ्लॅश असलेला ३५ मिलिमीटर कॅमेरा गावोगावच्या दुकानांत दिसू लागला. मग अंधाराची अडचण संपली नाही का? काही अंशी संपली, आणि याच काळात लग्नांचे रंगीत फोटो पाड्यांपर्यंत पोहोचू लागले, ही मोठीच गोष्ट होती. पण या फ्लॅशची पोच दहा-बारा फुटांची होती. उगमापासून अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाईवर येतो, म्हणून पाच फुटांवरचा माणूस पांढराफटक होतो आणि वीस फुटांवरचा अंधारात बुडतो. बोहाड्यात असा फोटो घेतला तर काय उमटते ते पाहा. पुढच्या मुखवट्याचा रंग चकाकून सपाट होतो, टेंभ्याची ज्योत फिकी पडते, संबळवाला आणि भोवतीचा गाव काळ्या पार्श्वभूमीत नाहीसा होतो. मुखवट्याला जो उजेड जिवंत करत होता, तोच फ्लॅशने पुसला. शिवाय स्वस्ताईची जुनी देवघेव इथेही चालू होती. हॉट शॉटने वापरलेल्या ११० कार्ट्रिजवरची निगेटिव्ह १३ बाय १७ मिलिमीटरची, म्हणजे क्लिकच्या निगेटिव्हच्या साधारण चौदाव्या हिश्शाएवढी. कॅमेरा खिशात मावू लागला, पण गटातल्या माणसाचा चेहरा मोठा करून पाहावा तर त्याचे कण सुटे होतात. एक अडचण सोडवताना दुसरी पदरात टाकणे हे या यंत्राच्या इतिहासात वारंवार घडले आहे.

तिसरा आक्षेप: घरच्यांनी फोटो काढले नसतील, बाहेरच्यांनी तर काढले. संशोधक आले, पत्रकार आले, सरकार आले, तेव्हा नोंद आहेच. इथे थोडे थांबून विचार करायला हवा, कारण यातच या विषयाची जखम आहे. १९९२-९३मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला, आणि त्यानंतर जव्हार-मोखाडा हे नाव उर्वरित राज्याच्या मनात कुपोषित मुलाच्या चित्राशी जोडले गेले. ती छायाचित्रे खरी होती, आवश्यक होती आणि त्यांच्यामुळे यंत्रणेला हालचाल करावी लागली. पण पाहा, वृत्तछायाचित्रकाराकडे मोठ्या छिद्राचे भिंग, वेगवान फिल्म आणि दमदार फ्लॅश असे. झोपडीच्या आतला अंधार भेदू शकणारा कॅमेरा इथे आला तो संकटाच्या वेळी आला आणि संकट टिपून गेला. त्याच झोपडीतला लग्नाचा चौक टिपणारे तितके समर्थ यंत्र घरच्या कोणाकडे नव्हते. दुसरा मोठा छायाचित्रकार म्हणजे सरकार. १९९३पासून टी. एन. शेषन यांच्या कारकिर्दीत निवडणूक आयोगाने मतदारांची छायाचित्र ओळखपत्रे काढायला घेतली. पाड्यावरच्या कित्येक प्रौढांच्या आयुष्यातला तो पहिलाच फोटो असावा. पुढे वनहक्क कायद्याखाली जमिनीचा दावा मांडताना याच ओळखपत्राला पुराव्याचे मोल आले, तेव्हा त्या फोटोला कमी लेखायचे कारण नाही. तरीही उपाशी मूल आणि ओळखपत्रावरचा समोर पाहणारा चेहरा, या दोन्ही चित्रांचा विषय माणसाने स्वतः निवडलेला नव्हता. आपल्याला कुठल्या क्षणी लक्षात ठेवले जावे हे ठरवण्याचा अधिकार स्वस्त कॅमेऱ्याने इतरांना दिला. या लोकांपर्यंत मात्र तो पोहोचलाच नाही.

आणखी एक आक्षेप आदराने ऐकावा असा आहे. ज्या समाजाकडे चौक लिहिण्याची कला आहे, मुखवटा घडवणारे हात आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत गाणी आहेत, त्याला छायाचित्राची गरजच काय? १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी शेजारच्या डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना कागदावर चित्रे काढायला प्रवृत्त केले, मशे यांना १९७६मध्ये राष्ट्रीय पुरस्कार आणि २०११मध्ये पद्मश्री मिळाली, आणि वारली चित्रकला जगभर पोहोचली. हे कोणत्याही कॅमेऱ्याविना घडले. आक्षेपातला अभिमान मला मान्य आहे. पण चित्र आणि छायाचित्र यांची कामे वेगळी आहेत. वारली चित्रातल्या दोन त्रिकोणांच्या माणसात सगळा समाज मावतो, आणि म्हणूनच त्यात कोणी एक आजी, तिच्या गालावरची विशिष्ट सुरकुती, तिच्या लुगड्याची गाठ मावत नाही. मुखवटा देवाचा चेहरा टिकवतो, तो पेलून रात्रभर नाचणाऱ्याचा टिकवत नाही. एखाद्या कुटुंबाला आपली माणसे माणूस म्हणून आठवायची असतील तर छायाचित्राला पर्याय नाही, आणि ज्यांच्याकडे कला आहे त्यांना हे लागत नाही असे म्हणणे म्हणजे त्यांच्या वाट्याला एकाच प्रकारची स्मृती नेमून देणे होय. चौक लिहिणारीलाही आपल्या आईचा चेहरा हवा असतो.

या सगळ्यातून जी थोडी जुनी छायाचित्रे उरली आहेत ती वाचायची कशी, याचा धडा मिळतो. त्यांत माणसे बहुधा उभी, पूर्ण उंचीची आणि कॅमेऱ्यापासून लांब दिसतात. त्यावरून ती बुजरी होती, कॅमेऱ्याला घाबरत होती, असा निष्कर्ष सहज काढला जातो. पक्क्या फोकसच्या भिंगाला आठ-दहा फुटांच्या आतला चेहरा स्पष्ट दिसत नसे, म्हणून फोटो काढणारा मागे सरके, हे कारण आधी तपासावे. कपाळाला आठ्या, डोळे बारीक, ओठ घट्ट, म्हणून ‘दुःखी आदिवासी चेहरा’ अशी ओळ खाली लिहिली जाते. सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी असावा असा नियम होता, त्यामुळे फोटो निघणाऱ्याच्या डोळ्यांवर थेट ऊन येई, हे ध्यानात घेतले की त्या आठ्यांचा अर्थ बदलतो. फोटोत पावसाळा नाही म्हणून शेतीत राबणारे हात दिसत नाहीत, आणि मग इथला माणूस कामापेक्षा नाचात रमतो अशी समजूत पसरते. यंत्राच्या मर्यादा आपण लोकांच्या स्वभावावर लादल्या आहेत, आणि ही चूक साध्या तांत्रिक ज्ञानाने टाळता येते.

आज मोबाइलच्या कॅमेऱ्याने अंधाराची अडचण जवळजवळ मोडून काढली आहे आणि बोहाड्याची चित्रफीत त्याच रात्री गावाबाहेर पोहोचते. त्यामुळे आधीच्या पन्नास-साठ वर्षांची पोकळी आपोआप भरेल असे मात्र नाही. या भागातली निगेटिव्ह आणि प्रती दमट हवेत, चुलीच्या धुरात आणि वाळवीच्या तोंडी सापडतात. फिल्मवरच्या जिलेटिनला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. जव्हार, विक्रमगड, वाडा, त्र्यंबक इथल्या जुन्या स्टुडिओंच्या कपाटांत, आश्रमशाळांच्या दप्तरांत आणि बदलून गेलेल्या शिक्षकांच्या घरात जे काही उरले असेल ते उतरवून घेणे, आणि त्याहून निकडीचे म्हणजे त्यातल्या माणसांची नावे, पाडे आणि प्रसंग हयात वडीलधाऱ्यांकडून लिहून घेणे, हे काम आता करण्याजोगे आहे. जे टिपलेच गेले नाही, म्हणजे आवणी, चौक, रात्रीची सोंगे, वीटभट्टीवरचे बिऱ्हाड, त्याची यादीही त्याच लोकांनी करावी आणि त्यांच्या आठवणीतून, त्यांच्या शब्दांत ती भरून काढावी. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. या तरुण जिल्ह्याने आपले संग्रहालय किंवा दप्तर उभारताना फक्त हाती लागलेल्या चित्रांवर विसंबू नये. त्या चित्रांना उजेडाची अट होती, आणि ती अट ज्यांना पुरी करता आली नाही त्यांचा इतिहास तितकाच घडलेला आहे, म्हणून तो तितक्याच निष्ठेने नोंदवला गेला पाहिजे.